सज्ज्यातून आलेला नकार

पोप फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ रोजी निवर्तले आणि ७ मे रोजी १३३ कार्डिनल नवा पोप निवडण्यासाठी सिस्टाइन चॅपेलच्या बंद दाराआड बसले. त्या दाराआड नेमके काय चालते याचे कुतूहल तेव्हा ज्यांचा चर्चशी काडीचा संबंध नाही अशांनाही लागून राहिले होते. ते भागवायला एक चित्रपट आयताच तयार होता. रॉबर्ट हॅरिस यांच्या २०१६ सालच्या कादंबरीवरून एडवर्ड बर्गर यांनी केलेला 'कॉन्क्लेव्ह' २०२४ साली आला होता आणि त्याच्या पटकथेला नुकतेच ऑस्करही मिळाले होते. लोकांनी तो घरोघरी लावला. त्यात एक कार्डिनल मतांसाठी पैसे चारतो, दुसऱ्याचे तीस वर्षांपूर्वीचे प्रकरण ऐन मोक्याला बाहेर निघते, तिसरा 'मला काही नको' म्हणत म्हणत पोप झाल्यावर घ्यायचे नावही मनाशी ठरवून बसलेला असतो. महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाला हे सगळे इतके ओळखीचे, की जिल्हा मध्यवर्ती बँकेची निवडणूक लाल झगे घालून चालली आहे असे वाटावे.

हा चित्रपट पाहून झाल्यावर मी दुसरा, बराच जुना चित्रपट पुन्हा पाहिला. इटलीचे दिग्दर्शक नान्नी मोरेत्ती यांचा 'हाबेमुस पापाम'. या लॅटिन शब्दांचा अर्थ 'आम्हांला पोप लाभले आहेत'. निवड झाल्यावर सेंट पीटर चौकातल्या गर्दीला सज्ज्यातून हीच द्वाही ऐकवली जाते. १५ एप्रिल २०११ रोजी हा चित्रपट इटलीत लागला आणि पुढच्या महिन्यात कान महोत्सवाच्या स्पर्धेत दाखवला गेला. त्यावेळी त्याच्याविषयी जितकी उलटसुलट मते व्यक्त झाली तितकी मोरेत्तींच्या फार थोड्या चित्रपटांविषयी झाली असतील. आणि गंमत अशी की, त्यातली बहुतेक मते चित्रपटात काय आहे यापेक्षा काय नाही याविषयी होती. ती का तशी झाली, आणि दोनच वर्षांत ती कशी पालटली, हा मला चित्रपटाइतकाच मोलाचा विषय वाटतो.

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. पोप जॉन पॉल दुसरे यांच्या २००५ सालच्या अंत्ययात्रेची खरीखुरी दृश्ये आरंभी येतात. मग कॉन्क्लेव्ह भरते. मतदान चालू असताना कॅमेरा एकेका कार्डिनलच्या मनात डोकावतो आणि सगळीकडे एकच प्रार्थना ऐकू येते : देवा, मला नको, माझी निवड होऊ देऊ नकोस. ज्याच्यावर पैजा लागलेल्या असतात तो सुटतो आणि कोणाच्या ध्यानीमनी नसलेले मेल्व्हिल नावाचे म्हातारे कार्डिनल निवडून येतात. स्वीकार करता का, या विधिपूर्वक विचारलेल्या प्रश्नाला ते कसेबसे होकार देतात. पांढरा झगा चढतो, चौकात टाळ्या वाजू लागतात, घोषणा सुरू होते; आणि पडद्यामागे खुर्चीत बसलेल्या या गृहस्थांच्या तोंडून किंकाळी फुटते. मला हे जमणार नाही, असे ओरडून ते आत पळ काढतात. सज्जा मोकळाच राहतो.

पुढे सगळी पळापळ. व्हॅटिकनचे प्रवक्ते एका नामांकित मनोविश्लेषकाला बोलावून आणतात. ही भूमिका खुद्द मोरेत्तींनी केली आहे. त्याने पोपना तपासायचे, पण सगळ्या कार्डिनलांच्या कोंडाळ्यात. आणि आई, कामवासना, स्वप्ने हे विषय काढायचे नाहीत. मग विचारायचे तरी काय? पोपची ओळख ठाऊक नसलेल्या दुसऱ्या एका मनोविश्लेषक बाईंकडे त्यांना गुपचूप नेले जाते, तेव्हा परतीच्या वाटेवर पोपमहाशय रक्षकांना चुकवून रोमच्या गर्दीत नाहीसे होतात. तीन दिवस ते बसमधून हिंडतात, साध्या हॉटेलात उतरतात, चेकॉव्हचे 'सीगल' बसवणाऱ्या एका नाटकमंडळीत रमतात. तरुणपणी त्यांना नट व्हायचे होते. नाट्यशाळेने बहिणीला घेतले, यांना घेतले नाही. इकडे प्रवक्ते एका धिप्पाड स्विस रक्षकाला पोपच्या खोलीत बसवून ठेवतात. त्याने अधूनमधून पडदा हलवायचा, म्हणजे पोप आत आहेत अशी खाली जमलेल्या कार्डिनलांची समजूत व्हावी. गुपित ठाऊक झाल्यामुळे आतच अडकलेला मनोविश्लेषक वेळ घालवायला कार्डिनलांच्या खंडवार व्हॉलीबॉल स्पर्धा भरवतो. शेवटी पोप सापडतात, सज्ज्यात येतात आणि जमलेल्या लाखोंना सांगतात की, तुम्हांला ज्याची गरज आहे तो नेता मी नव्हे. मी नेणाऱ्यांतला नाही, ज्यांना कोणीतरी न्यावे लागते त्यांच्यातला आहे. एवढे बोलून ते आत जातात. चित्रपट तिथेच संपतो.

आता २०११च्या वसंतातली इटली डोळ्यांसमोर आणा. पाद्र्यांनी मुलांवर केलेल्या लैंगिक अत्याचारांचे अहवाल आयर्लंडमध्ये २००९ साली बाहेर आले होते, २०१०मध्ये जर्मनीतून तशाच बातम्या आल्या होत्या. चर्चला खुलासे करता करता नाकी नऊ आले होते. दुसऱ्या बाजूला, जॉन पॉल दुसरे यांना १ मे रोजी 'धन्य' घोषित करण्याचा सोहळा रोममध्ये व्हायचा होता, म्हणजे चित्रपट लागल्यावर जेमतेम दोन आठवड्यांनी. आणि दिग्दर्शक कोण, तर मोरेत्ती. देवावर विश्वास नसल्याचे उघड सांगणारे, डाव्या विचारांचे. २००६च्या निवडणुकीच्या तोंडावर बर्लुस्कोनींवर 'इल कायमानो' काढून प्रचाराच्या धुराळ्यात उडी घेणारे. अशा माणसाने व्हॅटिकनवर विनोदी चित्रपट काढला म्हटल्यावर प्रत्येकाने तिकीट काढण्याआधीच आपापले मत तयार ठेवले असेल तर नवल नाही.

श्रद्धावंतांमधल्या काहींचा संताप अपेक्षेप्रमाणे उसळला. इटलीतल्या एका वृत्तसंस्थेच्या व्हॅटिकन वार्ताहराने बिशपांच्या 'आव्वेनिरे' या दैनिकात पत्र लिहून चित्रपटावर बहिष्कार घालावा असे सुचवले. पोप म्हणजे ज्या खडकावर चर्च उभे आहे तो खडक, त्याला हात लावू नये, असा त्यांचा मुद्दा होता. पण मौज अशी की, खुद्द व्हॅटिकन रेडिओच्या परीक्षकाला त्यात चीड येण्यासारखे काही दिसले नाही. पोपची टिंगल नाही, व्यंगचित्र नाही, असा निर्वाळा त्याने दिला. म्हणजे घरमालक शांत आणि शेजारी चिडलेले.

खरी निराशा झाली ती दुसऱ्या गोटाची. ज्यांना मोरेत्तींकडून आसूड हवा होता त्यांच्या हाती पिसाचा कुंचला आला. व्हॅटिकनच्या बँकेचे व्यवहार नाहीत, अत्याचारांचा उल्लेख नाही, सत्तेचे राजकारण नाही. आहेत ती औषधाच्या गोळ्या घेणारी, पत्ते खेळणारी, चेंडू आला की लहान मुलांसारखी किंचाळणारी म्हातारी माणसे. इंग्रजी परीक्षणांतून हा चित्रपट बोथट, दात नसलेला असल्याची तक्रार झाली. कानला त्याला पारितोषिक मिळाले नाही. मिशेल पिकोली यांच्या अभिनयाबद्दल मात्र फारसे दुमत नव्हते. पंचाऐंशीव्या वर्षी त्यांनी मेल्व्हिल उभा केला आणि पुढच्या वर्षी त्यासाठी त्यांना 'दाव्हिद दि दोनातेल्लो' हा इटलीचा मानाचा पुरस्कार मिळाला. २०२० साली ते गेले.

मोरेत्तींच्या आधीच्या चित्रपटांशी ज्यांचा परिचय आहे त्यांना यात धक्का बसण्याजोगे काही नव्हते. १९८५ साली 'ला मेस्सा ए फिनिता'त ते स्वतःच पाद्री झाले होते, आणि तो पाद्रीही आपल्या माणसांना उपयोगी पडू न शकणारा, हात टेकलेला असाच होता. व्हॉलीबॉलच्या प्रसंगाने अनेक परीक्षक बुचकळ्यात पडले. पण मोरेत्ती तरुणपणी वॉटरपोलो खेळत, आणि १९८९च्या 'पालोम्बेल्ला रोस्सा'त कम्युनिस्ट पक्षाची अख्खी घालमेल त्यांनी एका वॉटरपोलोच्या सामन्यात मांडली होती. खेळ हा त्यांच्याकडे विचार करण्याचाच एक प्रकार आहे. तरीही, तो प्रसंग लांबला आहे हे कबूल करायला हवे. मनोविश्लेषकाचे आणि त्याच्या विभक्त पत्नीचे कथानक अर्ध्यावर सोडून दिले आहे, टीव्ही वार्ताहराची थट्टा पहिल्या दोन वेळा हसवते, तिसऱ्या वेळी नाही. चित्रपट निर्दोष आहे असे माझे म्हणणे नाही.

माझे म्हणणे वेगळे आहे. भाविक आणि टीकाकार, दोघांची बोच एकाच जागी होती. मेल्व्हिलच्या नकाराला कारण नाही.

त्यांची श्रद्धा ढळलेली नाही. त्यांच्या पूर्वायुष्यात लपवण्याजोगे काही नाही. ते कोणाच्या कटाला बळी पडलेले नाहीत, त्यांना दुर्धर आजार नाही. ज्या डॉक्टरबाईंकडे त्यांना नेतात त्या बालपणातल्या मायेच्या अभावाचे निदान करतात, पण त्या तेच निदान ज्याला त्याला लावतात असे चित्रपटच आपल्याला सांगतो, त्यामुळे तेही कारण म्हणून टिकत नाही. नट होता आले नाही ही खंत आहे, पण त्या खंतीसह हा माणूस कार्डिनलपदापर्यंत चढलाच की. मग नाही का म्हणायचे? तर, जमणार नाही म्हणून. एवढेच. भाविकाला यात पवित्र आत्म्याने निवड चुकवल्यासारखे वाटते, आणि टीकाकाराला दिग्दर्शकाने पुरावा सादर न करता खटला सोडून दिल्यासारखे वाटते. मराठीत बोलायचे तर नकारासाठी आपल्याजवळ दोनच खण आहेत : एक त्याग, दुसरा पळपुटेपणा. राज्य सोडणाऱ्याला आपण एकतर डोक्यावर घेतो, नाहीतर त्याची अवहेलना करतो. मेल्व्हिल कोणत्याच खणात बसत नाहीत. त्यांनी उदात्त हेतूने काही सोडलेले नाही आणि ते चोरपावलांनी गेलेलेही नाहीत. येऊन, उभे राहून, सगळ्यांसमोर सांगून गेले आहेत.

माझी उमेदीची वर्षे बँकेत गेली आणि हा प्रकार मी वेगळ्या, फार लहान मापात पाहिलेला आहे. कारकुनाचा अधिकारी होताना बदली ठरलेली असे, त्यामुळे प्रमोशन नाकारणारे पुष्कळ असत. बायकोची नोकरी, मुलीची दहावी, आईचे आजारपण, गावाकडची शेती, ही कारणे सर्वमान्य होती. कोणी खोदून विचारत नसे. पण एका शाखेत एक गृहस्थ असे निघाले की, त्यांची बदली त्याच शहरात, चार स्टॉप पलीकडे होती, आणि तरीही त्यांनी लेखी नकार दिला. विचारले तेव्हा म्हणाले, दुसऱ्याच्या कर्जावर सही करताना मला झोप लागणार नाही, मला ते जमायचे नाही. माणूस हिशेबात चोख, वीस वर्षांत एका पैशाचा फरक नाही. त्यांच्यावर कोणाचाही विश्वास बसला नाही. महिनाभरात शाखेत कुजबुज सुरू झाली की, काहीतरी चौकशी लागलेली असणार. कोणी म्हणाले, बाहेर सावकारी आहे. बदली हे खोटे कारण त्यांनी सांगितले असते तर ते सुखाने निवृत्त झाले असते. खरे कारण सांगितले आणि शेवटच्या दिवसापर्यंत संशयात राहिले. पुढे त्यांच्यावर कादंबरीतले एक पात्र बेतायचा प्रयत्न मी केला, तेव्हा प्रकाशकांनीही हेच विचारले : पण त्याने नकार का दिला, ते कळत नाही.

मेल्व्हिल हे नाव ऐकून अनेक परीक्षकांना अमेरिकन लेखक हर्मन मेल्व्हिल आठवले, आणि त्यांची १८५३ सालची बार्टल्बीची कथा. वॉल स्ट्रीटवरच्या वकिलाच्या कचेरीतला हा नक्कलनवीस एके दिवशी सांगितलेले काम अत्यंत सौम्य शब्दांत नाकारतो आणि नाकारतच राहतो. कारण मात्र कधीच देत नाही. दिग्दर्शकाच्या मनात ते होते की नाही यात मला शिरायचे नाही. पण कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसाला त्या कथेचे भय नेमके कळते. वरिष्ठाला भांडणाऱ्या माणसाशी कसे वागायचे ते ठाऊक असते, आळशी माणसाशीही. शांतपणे 'नको' म्हणणाऱ्याशी कसे वागायचे याचे कलम कोणत्याच सेवानियमांत नसते.

पोपपदाच्या नियमांत मात्र ते आहे, आणि ते फार गमतीचे आहे. जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ साली निवडणुकीची जी नियमावली काढली तिच्या ८६व्या कलमात त्यांनी निवडून येणाऱ्याला विनंतीच करून ठेवली आहे की, पदाच्या ओझ्याच्या भीतीने नकार देऊ नका, ज्याने हे ओझे दिले तोच ते पेलायला हात देईल. म्हणजे भीती वाटणार हे चर्चने गृहीतच धरले आहे. सिस्टाइन चॅपेलच्या शेजारी जिथे नवा पोप पहिल्यांदा पांढरी वस्त्रे घालतो त्या लहानशा खोलीला 'अश्रूंची खोली' म्हणतात. बेनेडिक्ट सोळावे २००५ साली निवडून आले, त्यानंतर आठवडाभरातच जर्मनीहून आलेल्या यात्रेकरूंना त्यांनी सांगितले होते की, मते आपल्या बाजूने झुकू लागली तसे गिलोटिनचे पाते मानेवर येते आहे असे वाटले, आणि माझ्या बाबतीत असे करू नकोस अशी देवाला विनवणी केली. मोरेत्तींच्या चित्रपटातली ती सामुदायिक प्रार्थना ज्यांना टवाळी वाटली त्यांनी हे भाषण वाचायला हवे होते.

आणखी एक बारकावा आहे. निवडलेला माणूस आधीच बिशप असेल तर स्वीकाराचा शब्द उच्चारताच तो पोप होतो. सज्ज्यातली घोषणा हा पुढचा उपचार. मेल्व्हिलनी होकार दिला होता. तेव्हा चार्ज-रिपोर्टवर सही झालेली आहे, फक्त साहेब केबिनमध्ये बसायला तयार नाहीत, अशी ही स्थिती. म्हणून त्यांचे शेवटचे बोलणे कायद्याने नकार नव्हे, राजीनामा ठरतो. १९८३च्या चर्चसंहितेच्या ३३२व्या कलमानुसार पोपला राजीनामा देता येतो. तो स्वेच्छेने आणि रीतसर जाहीर केलेला असावा एवढीच अट, कोणी तो मंजूर करावा लागत नाही. आपल्या कोणत्याही बँकेत इतकी सोय नाही.

आणि मग ११ फेब्रुवारी २०१३चा दिवस उजाडला. कार्डिनलांच्या एका नेहमीच्या बैठकीत बेनेडिक्टनी लॅटिनमध्ये एक छोटे निवेदन वाचले : वय झाले, देहाची आणि मनाची शक्ती या कामाला पुरत नाही, २८ फेब्रुवारीला पद सोडतो. जवळजवळ सहाशे वर्षांत असे झाले नव्हते. १४१५ साली बारावे ग्रेगरी पायउतार झाले होते, पण ते एकाच वेळी अनेक पोप असण्याचा तंटा मिटवण्यासाठी. बातमी आली आणि जगभरच्या वर्तमानपत्रांना 'हाबेमुस पापाम'ची आठवण झाली. दोन वर्षांपूर्वी जो बोथट होता तो चित्रपट आता भविष्यवेत्ता ठरला. मोरेत्तींना आधीच कळले होते, असे लोक म्हणू लागले. आजही हा चित्रपट कोणाला सुचवताना पहिले वाक्य हेच असते.

मला हे कौतुक पटत नाही. बेनेडिक्टनी जवळजवळ आठ वर्षे काम केले होते. त्यांचे वय ८५ होते, थकवा सगळ्यांना दिसत होता. शिवाय त्यांनी काही अवचित केले नव्हते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या मुलाखतींच्या पुस्तकात, पोपला आपले काम पेलवत नाही असे स्पष्ट कळले तर राजीनामा देण्याचा त्याला हक्क आहे आणि प्रसंगी ते कर्तव्यही आहे, असे ते बोलून चुकले होते. हा निवृत्तीचा निर्णय होता, आणि निवृत्ती सगळ्यांना समजते. ज्यांना तो रुचला नाही त्यांनी जॉन पॉल दुसरे यांचे उदाहरण पुढे केले, की ते हातपाय थरथरत असताना, वाचा गेली असतानाही शेवटच्या श्वासापर्यंत पदावर राहिले. पण हाही वाद दोन प्रकारच्या कर्तव्यांमधला होता. मेल्व्हिलनी एक दिवसही काम केलेले नाही. पेलून थकलेला माणूस आणि उचलण्याआधीच मला हे उचलणार नाही असे म्हणणारा माणूस, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. २०१३च्या घटनेने प्रेक्षकांच्या हाती एक तयार कारण दिले, वय, आणि ते कारण त्यांनी हलकेच मेल्व्हिलच्या खिशात सरकवले. चित्रपट सोपा झाला. त्यातला जो काटा २०११च्या प्रेक्षकाला टोचला होता, आणि ज्याने रागावून का होईना तो जाणवून घेतला होता, तो काटाच निघून गेला. म्हणूनच मला २०११चे नाराज प्रेक्षक २०१३च्या खूश प्रेक्षकांपेक्षा चित्रपटाच्या अधिक जवळ पोहोचलेले वाटतात.

भविष्यच शोधायचे तर ते मागे, १२९४ सालात शोधावे. चौथे निकोलस वारल्यावर सव्वादोन वर्षे कार्डिनलांचे एकमत होईना. शेवटी त्यांनी डोंगरात एकांतात राहणाऱ्या पिएत्रो दा मोरोने नावाच्या वृद्ध तापसाला पोप निवडले. नाव घेतले पाचवे सेलेस्टिन. लाक्विला शहरात तो गाढवावर बसून आला आणि लगाम राजाने धरला होता, असे सांगतात. पाच महिन्यांत त्याला कळून चुकले की, हे आपले काम नव्हे. पण माणूस साधा असला तरी खुळा नव्हता : पोपला पद सोडता येते हे त्याने आधी जाहीर करून घेतले आणि मग १३ डिसेंबर १२९४ रोजी नेपल्समध्ये पद सोडले. त्याला आपल्या गुहेत परत जायचे होते. त्याच्यानंतर आलेल्या आठव्या बोनिफेसने ते होऊ दिले नाही. हा मोकळा राहिला तर उद्या कोणी याच्याच नावाने बंड उभारील, या धास्तीने त्याला फुमोनेच्या किल्ल्यात ठेवले आणि तिथेच १२९६ साली तो वारला.

प्रेक्षकांची मते कशी विभागतात याचा सगळा नमुना या एका माणसात आहे. दान्तेने नरकाच्या उंबरठ्यावर एक निनावी सावली उभी केली आहे, भित्रेपणाने मोठा नकार देणाऱ्याची. ती सेलेस्टिनचीच, असे बहुतेक जुने टीकाकार मानत आले. चर्चने मात्र १३१३ सालीच त्याला संत ठरवले. त्याच नकारावरून एकाने नरकाच्या दारात उभा केलेला माणूस दुसऱ्याच्या वेदीवर. १९६८ साली इन्यात्सिओ सिलोने यांनी त्याच्यावर नाटक लिहिले आणि सत्तेला कंटाळलेल्या सद्गृहस्थाच्या बाजूने कौल दिला. २००९च्या एप्रिलमध्ये लाक्विलात भूकंप झाला, तेव्हा भेटीला गेलेल्या बेनेडिक्टनी सेलेस्टिनच्या समाधीवर आपला लोकरी पट्टा, म्हणजे पोपपदाचे चिन्हच, काढून ठेवला होता. त्याचा अर्थ लोकांना चार वर्षांनी लागला. सेलेस्टिनलाही निदान पाच महिने मिळाले होते, हे खरे. पण ते सोडताना त्याने देहाच्या दुर्बलतेबरोबर आपल्याला हे येत नाही हेही सांगितले, आणि दान्तेच्या वाचकांना डाचले ते बहुधा तेच.

यातून चर्चचा प्रश्न सुटत नाही, हेही सांगायला हवे. मेल्व्हिलची बाजू घेणारा प्रेक्षक चौकातल्या माणसांना सहज विसरतो, मोरेत्ती विसरत नाहीत. शेवटच्या प्रसंगात कॅमेरा सज्ज्यावरून खाली उतरतो तेव्हा दिसणारे चेहरे कोणा मूर्खांचे नाहीत. ती लांबून आलेली, तासन् तास उभी राहिलेली माणसे आहेत आणि त्यांचे काहीतरी हिरावून घेतले जात आहे. त्यांना पुढचा पोप मिळेल, पण हा क्षण मिळणार नाही. कार्डिनल तोंड झाकून घेतात. एका माणसाचा खरेपणा इतक्या लोकांना इतका महाग पडावा का, या प्रश्नावर चित्रपट संपतो, आणि विनोदी चित्रपट पाहायला आलेला प्रेक्षक ते ओझे घेऊन घरी जातो. 'शेवट गंडला आहे' ही तेव्हा सर्रास ऐकू येणारी तक्रार मला त्यामुळे समजते. शेवट गंडलेला नाही. पण तो कोणाचेही समाधान करत नाही हे खरे आहे.

८ मे २०२५ रोजी चौथ्या फेरीत निवड झाली. मतदारांत चार भारतीय होते, त्यांत गोव्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्रांव. मुंबईचे ओस्वाल्ड ग्रेशियस २०१३च्या मतदानात होते, पण डिसेंबर २०२४मध्ये त्यांना ऐंशी पूर्ण झाली आणि त्या वयानंतर मत देता येत नाही. (या नियमाने पाहिले तर पंचाऐंशीच्या पिकोलींनी रंगवलेला मेल्व्हिल कॉन्क्लेव्हमध्ये बसलेला कसा, असा हिशेबी प्रश्न मला पडतो, पण पडद्यावरच्या माणसाचे जन्मवर्ष दिग्दर्शकाने सांगितलेले नाही.) पांढरा धूर निघाल्यावर तासाभराने अमेरिकेचे रॉबर्ट प्रेव्होस्ट, आता चौदावे लिओ, सज्ज्यात आले. त्यांचे डोळे भरून आल्यासारखे दिसत होते. टीव्हीवरचे निवेदक आनंदाने सांगत होते, हे कृतज्ञतेचे अश्रू. धूर निघणे आणि पडदा सरकणे यांमधल्या त्या तासात आत काय झाले, याबद्दल मात्र ज्यांनी मोरेत्तींचा चित्रपट पाहिला होता ते जरा जास्तच वेळ पडद्याकडे बघत बसले असतील.